आपली टीम कुठली, पोराला काय सांगू?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

६ जानेवारी २०२६ ला क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की इंडियन सुपर लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार, चौदाच्या चौदा क्लब खेळणार, ९१ मॅच होणार. दुसऱ्या दिवशी पेपरात ती बातमी शोधली तर क्रीडा पानाच्या तळाला चार ओळीत सापडली, मी ती दोनदा वाचली आणि शेजारी बसलेल्या ऑफिसातल्या मित्राला दाखवली, तर तो म्हणाला, "म्हणजे लीग बंद पडली होती का?" त्याला माहीतच नव्हतं. देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग जुलैपासून बंद, शेकडो पोरं घरी बसून, आणि रोज पेपर वाचणाऱ्या, शनिवारी रात्री जागून इंग्लंडची मॅच बघणाऱ्या माणसाला पत्ता नाही. त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. लांब झालं तर कापा, पण मधला भाग कापू नका एवढी विनंती.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. नोकरीमुळं गेली वीसेक वर्षं पिंपरीत आहे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे तिथं न राहिलेल्याला सांगणं अवघड आहे. आमच्याकडं टीम ही तालमीची असते. जिथं लाल मातीत कुस्ती चालायची त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. मोठी मॅच असली की शाहू स्टेडियमवर दुपारी तीनलाच पायऱ्या भरायला लागतात, दुकानदार शटर अर्धं ओढून येतात. परवा संक्रांतीला गावी गेलो तेव्हा अशीच एक मॅच बघितली. माझ्या पुढच्या पायरीवर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा, डोक्याला मफलर, मांडीवर नातू, आणि ते नातवाला नंबर सांगत नव्हते तर घरं सांगत होते, तो सातवाला ना, तो आपल्या गल्लीतल्या पानपट्टीवाल्याचा थोरला, त्याचा बाप पण विंगलाच खेळायचा. कॉर्नर मिळाला की हलगी सुरू, गोल गेला की एक बाजू उभी आणि दुसरी बाजू एकदम गप्प. भांडणं होतात, दगडफेक पण झालेली आहे, आमच्या फुटबॉलला ती कीड आहे आणि ती मी लपवणार नाही. पण माणूस येतो, पिढ्यानपिढ्या येतो, आणि टीम हरली म्हणून कुणी तालीम बदलत नाही.

आता हे एका बाजूला ठेवा आणि देशाच्या लीगकडं बघा.

आपल्याकडं देशपातळीवरची खरीखुरी लीग सुरू झाली १९९६ च्या डिसेंबरमध्ये. त्याच्या आधी संतोष ट्रॉफी, ड्युरंड, फेडरेशन कप, आणि मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप, सगळं कपाचं फुटबॉल, हरलं की घरी. नॅशनल फुटबॉल लीग आली आणि पहिल्याच वर्षी फगवाड्याच्या जेसीटी मिलनं ती जिंकली, बायचुंग भुतिया आणि विजयन एकाच टीममध्ये होते, मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पेपरातून पॉइंट टेबल कापून वहीत चिकटवायचो. ती लीग गरीबच होती, हॉटेलं बेताची, ग्राउंड बेताची, टीव्हीवर कधी दिसायची कधी नाही. पण एक गोष्ट होती, खालची टीम खाली जायची आणि खालच्या डिव्हिजनमधली वर यायची.

तेव्हाच्या मुंबईच्या टीम आठवा. महिंद्रा, एअर इंडिया, त्याच्या आधी मफतलाल, ऑर्के मिल, टाटा. कंपनीच्या टीम होत्या, पोराला नोकरी मिळायची, खेळणं संपलं तरी पगार चालू राहायचा, आणि म्हणून आईबाप पोराला खेळायला सोडायचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांकडूनच खेळायचा. त्या वर्षी आपण चौथे आलो, आणि १९६२ मध्ये जकार्त्याला कोरियाला हरवून एशियन गेम्सचं गोल्ड आणलं. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली, कोच डेरिक परेरा, त्या रात्री आम्ही तिघं मित्र पिंपरीत रस्त्यावर चहा पीत उभे होतो आणि महाराष्ट्रातली टीम देशात पहिली आली म्हणून एकमेकांना टाळ्या देत होतो. चार वर्षांत, २०१० ला, ती टीम कंपनीनं बंद केली. पुढच्या वर्षी जेसीटी बंद. २०१३ ला एअर इंडिया क्लब लायसन्सच्या नियमात बसत नाही म्हणून लीगमधून बाहेर. नियम आशियाच्या फुटबॉल संघटनेचे होते आणि ते चुकीचे नव्हते, क्लबला स्वतःची कंपनी हवी, ज्युनिअर टीम हव्यात, पगारी कोच हवेत, सगळं बरोबर. पण कंपनीची टीम घालवून त्या जागी कुणाची टीम आणायची, गावाची का आणखी एका मालकाची, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही आणि सगळं दुखणं तिथून सुरू झालं असं माझं ठाम मत आहे.

२००७ ला नॅशनल लीगचं नाव बदलून आय-लीग झालं. त्याच वर्षी पुण्यात पुणे एफसी आणि मुंबईत मुंबई एफसी सुरू झाली. पुणे एफसी दोन वर्षांनी आय-लीगमध्ये आली आणि मी बालेवाडीला जायला लागलो. मी नियमित जायचो हो, पिंपरीहून बाईकवर, कधी एकटा कधी शेजारच्या मराठे काकांना घेऊन. एवढं मोठं स्टेडियम आणि आम्ही मोजके लोक, गोलकीपर डिफेंडरला काय ओरडतोय ते शब्द न् शब्द ऐकू यायचं, बॉल पोस्टला लागला की त्याचा आवाज समोरच्या रिकाम्या स्टँडवरून परत यायचा. मध्यंतरात कँटीनवाला वडापाव घेऊन आमच्याकडं स्वतः चालत यायचा कारण गिऱ्हाईक आम्हीच. पण टीम चांगली होती, महिंद्राला जिंकून देणारे तेच डेरिक परेरा कोच होते, २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्सच्या खाली दुसरा नंबर आला. अकादमी चांगली चालवलेली. गर्दी हळूहळू वाढत होती, फार हळू, पण एखाद्या नव्या क्लबला गावात मुरायला पंधरा-वीस वर्षं लागतातच की. आमच्या तालमींना किती लागली असतील.

तेवढा वेळ मिळालाच नाही. २०१० च्या डिसेंबरमध्ये देशाच्या फुटबॉल फेडरेशननं पंधरा वर्षांचा करार केला होता, ७०० कोटींचा, देशातल्या फुटबॉलचे सगळे व्यापारी हक्क एका कंपनीकडं. त्यातून २०१४ ला इंडियन सुपर लीग आली. मी तिला शिव्या घालणार नाही, कारण मी स्वतः आनंदानं गेलो होतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला कोलकात्यात पहिली मॅच झाली, कोलकाता ३, मुंबई ०, ती टीव्हीवर बघताना भरलेलं सॉल्ट लेक स्टेडियम बघून अंगावर काटा आला होता. डेल पिएरो, अनेल्का, पिरेस, आणि आमच्या पुण्यात चक्क ट्रेझेगे, ज्याचा २००० चा युरो फायनलचा गोल आम्ही होस्टेलच्या टीव्हीवर बघितलेला, तो माणूस बालेवाडीत वॉर्म-अप करताना माझ्यापासून तीस फुटांवर. २० डिसेंबरला पहिली फायनल, कोलकाता आणि केरळाची, नव्या मुंबईत डी वाय पाटीलवर झाली, मी पोराला घेऊन गेलो होतो, तो सात वर्षांचा. नव्वद मिनिटं शून्य-शून्य, आणि एक्स्ट्रा टाइमची तयारी झालेली असताना कॉर्नरवर मोहम्मद रफीकनं हेडर मारला आणि कोलकाता जिंकली. एवढी फॉरेनची मोठी नावं आणून शेवटी गोल मारला बंगालच्या पोरानं. माझा मुलगा केरळाच्या बाजूनं होता, तो रडला, आणि परतीच्या एसटीत पिवळा झेंडा घट्ट धरून माझ्या खांद्यावर झोपला.

त्या लीगनं खूप चांगल्या गोष्टी केल्या हे मान्य करायलाच पाहिजे. चांगलं गवत, फिजिओ, टीव्हीवर व्यवस्थित कॅमेरे, प्लेअरला इज्जतीचा पगार. पण तिच्या मुळातच एक गोष्ट चुकली. ती आधी चालू असलेल्या लीगच्या वर बांधली नाही, बाजूला बांधली. सुरुवातीला आठ टीम, सगळ्या नव्या, मालक पैसे भरून आत आले आणि मागून दार बंद. खालून कुणी वर येणार नाही, वरचं कुणी खाली जाणार नाही. आणि बाहेर ज्या राहिल्या त्या टीम गुदमरायला लागल्या, कारण स्पॉन्सर, टीव्ही, पेपर सगळं तिकडं गेलं. पुणे एफसी २०१५ ला बंद झाली. पुण्यातच भारत एफसी म्हणून टीम निघाली होती, ती एक सीझन खेळून संपली. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर दिसल्या नाहीत. गोव्याच्या धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबनी २०१६ ला आय-लीगमधून अंग काढून घेतलं, आम्हाला दुसऱ्या दर्जाचं करताय तर आम्ही खेळत नाही म्हणून. धेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला क्लब! गोव्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा धेंपो-साळगांवकर मॅच म्हणजे काय असायची.

आणि ज्या टीमसाठी हे सगळं झालं तिचं काय झालं बघा. आमची एफसी पुणे सिटी, ट्रेझेगेवाली, पाच सीझन खेळली आणि २०१९ ला मालकांनी जागा विकली, ती जागा गेली हैदराबादला. हैदराबादनं २०२२ ला कप पण जिंकला. आणि मागच्या वर्षी तीच जागा हैदराबादहून उठून दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. त्याच्या आधी दिल्लीची टीम उठून भुवनेश्वरला गेलेली. २०१९ ला माझा मुलगा बारा वर्षांचा होता, नारिंगी जर्सी घालून क्लासला जायचा, त्यानं विचारलं, "बाबा, मग आता आपली टीम कुठली?" मी म्हणालो मुंबई. तो म्हणाला, "पण मुंबई आपली कुठाय?" मला उत्तर आलं नाही. ती जर्सी अजून कपाटात आहे, आता त्याला होत नाही, आणि तो आता मँचेस्टरची बघतो. मी त्याला कुठल्या तोंडानं अडवू?

मुंबई सिटीचं पण सांगतो. २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपनं ६५ टक्के हिस्सा घेतला, पैसे ओतले, २०२०-२१ ला शील्ड (पॉइंट टेबलमधल्या पहिल्या नंबरची) आणि कप (फायनलचा) दोन्ही जिंकलं, पुढं पण जिंकलं, टीम एकदम भारी. आणि गेल्या डिसेंबरच्या शेवटी तो ग्रुप हिस्सा सोडून निघून गेला, इथं पुढं काय होणार ते कळत नाही म्हणून. त्यांना दोष देत नाही, ज्याला गावाशी देणंघेणं नाही तो हिशोब बघणारच. पण अंधेरीत स्टँडमध्ये दहा वर्षं ढोल वाजवणाऱ्या पोरांना तो क्लब सोडून जाता येतं का?

मागच्या वर्षी जे झालं ते थोडक्यात. पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, पुढचा करार ठरेना, फेडरेशनच्या घटनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, म्हणून ११ जुलैला कंपनीनं क्लबना कळवलं की सीझन होल्डवर. क्लबनी सराव थांबवला. सप्टेंबरमध्ये कोर्टानं घटना मंजूर केली, ऑक्टोबरमध्ये टेंडर निघालं, नोव्हेंबरच्या ७ तारखेपर्यंत मुदत, आणि एकही बोली आली नाही. एक पण नाही. तिकडं त्याच काळात देशाची टीम ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सिंगापूरकडून हरली आणि आशिया कपच्या बाहेर गेली, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून हरली, आणि फिफाचं रँकिंग १४२. १९९६ ला आपण ९४ होतो. पोरांना खेळायलाच मॅच नाहीत तर ती जिंकणार कुठून.

या १४२ नंबरवाल्या देशाच्या टीमचा कोच आहे खालिद जमील, आणि त्याच्यावर टीका करणाऱ्यांना मला त्याची गोष्ट सांगायची आहे, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. हा माणूस महिंद्राकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, मुंबई एफसीचा कित्येक वर्षं कोच होता. तीनही टीम आज नाहीत. मग तो गेला मिझोरामला, ऐझॉलला. ऐझॉल आदल्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये गेली होती, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून तिला परत घेतलं, मोठं नाव नाही, पैसा नाही, आणि ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये एक-एक ड्रॉ करून तिनं आय-लीग जिंकली. डोंगरातल्या गावाची, गावातल्या पोरांची टीम, देशात पहिली. जगात बहुतेक ठिकाणी असं झालं असतं तर ती टीम वरच्या लीगमध्ये गेली असती. ऐझॉलला सांगितलं तुमची लीग वेगळी. माझ्या मते आपल्या फुटबॉलची सगळ्यात मोठी संधी त्या दिवशी हातातून गेली, कारण त्या वर्षी ऐझॉलला वर घेतलं असतं तर देशातल्या प्रत्येक गावाला, आमच्या कोल्हापूरला पण, कळलं असतं की रस्ता आहे.

नंतर २०१९ ला क्वालालंपूरमध्ये आशियाच्या संघटनेसमोर बसून रोडमॅप ठरला, सुपर लीग देशातली पहिली, आय-लीग दुसरी, २०२३ पासून आय-लीगचा विजेता वर येणार. ते झालं, पंजाब आली, मग मोहम्मेडन आली. पण वरून खाली जायचं जे २०२४-२५ ला सुरू व्हायचं होतं ते झालं नाही. अर्धं दार उघडलं. शेवटच्या नंबरची टीम पुढच्या वर्षी पण तिथंच, मग मार्च महिन्यात तिच्या मॅचला कुणी कशाला जाईल?

जपानचं उदाहरण सगळे देतात, मी पण देतो, पण पैशाचं नाही. जपानमध्ये पण आपल्यासारख्याच कंपनीच्या टीम होत्या, मित्सुबिशी, मात्सुशिता, फुरुकावा. १९९३ ला जे-लीग सुरू करताना त्यांनी कंपनीला घालवलं नाही, एक अट घातली की क्लब एखाद्या गावाचा असला पाहिजे, नावात गाव पाहिजे. मित्सुबिशीची टीम उरावाची झाली, मात्सुशिताची ओसाकाची. सुमितोमो नावाच्या पोलाद कंपनीची टीम काशिमा या छोट्या गावाची झाली, तिथं ब्राझीलचा मोठा प्लेअर झिको आला, १९९१ ला, टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना! आज काशिमा जपानमधल्या सगळ्यात यशस्वी क्लबपैकी आहे. पहिल्या वर्षी दहा क्लब होते, आज तीन डिव्हिजन मिळून साठ. १९९८ ला पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेले ते तेव्हापासून एकही चुकवला नाही. आणि तोच झिको आपल्या गोव्यात तीन सीझन कोच होता की. घरात वैद्य येऊन बसला होता, आपण त्याच्याकडून फक्त मॅच जिंकायचं औषध मागितलं.

आता माझ्या घरातली गोष्ट, आणि हाच तो मधला भाग. माझा पुतण्या, चुलतभावाचा मुलगा, कोल्हापुरात तालमीच्या टीममधून खेळायचा. लेफ्ट बॅक. डावा पाय असा की बॉल चेंडूसारखा नाही, पत्रासारखा जायचा, जिथं पाठवला तिथंच. एकोणिसाव्या वर्षी बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबनं ट्रायलमध्ये घेतला, खालच्या डिव्हिजनचा क्लब, नाव घेत नाही. घरात पेढे वाटले. पहिला महिना पगार आला, मग तीन महिने नाही. एका खोलीत सहा पोरं, मेसवाल्यानं उधारी बंद केल्यावर ही पोरं केळी आणि भिजवलेले हरभरे खाऊन प्रॅक्टिसला जायची, हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही, वर्षानं सांगितलं. घोट्याला लागलं तेव्हा एमआरआयचे पैसे भावानं इथून पाठवले. सीझन संपला, तो घरी आला, आता शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला जातो. संक्रांतीला मी म्हणालो, अरे अजून तेवीस वर्षांचा आहेस, परत ट्रायल दे. तो म्हणाला, "काका, देतो की, पण कुठं? मी इथं चांगला खेळलो तर माझी टीम वर कुठं जाती सांगा. मला एकट्यालाच जायला लागतं, आणि एकट्याला कुणी विचारत नाही." बूट मात्र रोज पुसतो, वर्तमानपत्राचे बोळे आत घालून ठेवतो म्हणजे आकार जात नाही.

त्याचं म्हणणं मला पटलं. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला देशाकडून खेळला, पुढं सुपर लीगमध्ये खेळला, आम्हाला त्याचा अभिमान आहे, पण तो तालमीच्या टीमबरोबर वर चढत गेला नाही, लहानपणी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली म्हणून पुढं गेला. ज्याची त्या वयात निवड होत नाही त्याला काही नाही. शाहू स्टेडियमवर एवढी माणसं, एवढी ईर्षा, आणि तिथला चॅम्पियन वर्षाच्या शेवटी ट्रॉफी तालमीत ठेवतो आणि पुढच्या वर्षी परत तिथंच खेळतो. गोवा लीगचं, मुंबईच्या लीगचं, केरळातल्या सेव्हन्सचं (सात-सात जणांच्या फुटबॉलचं), मणिपूरचं, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच. देशात फुटबॉल आहे हो, लीगपर्यंत पोचत नाही एवढंच. आणि माणसं बोलावली तर येतात. २०१८ च्या १ जूनला अंधेरीत भारत-तैवान मॅचला २,५६९ माणसं होती, कॅप्टन सुनील छेत्रीनं हॅटट्रिक मारली आणि बघायला कोणी नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं हात जोडून व्हिडिओ टाकला, या, आम्हाला शिव्या द्या पण या, आणि ४ तारखेला केनियाविरुद्ध पावसात सगळी तिकिटं संपली. मी तिकीट मिळालं नाही म्हणून बाहेर उभा होतो, आणि तिकीट मिळालं नाही याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

म्हणून माझं मागणं असं आहे की नवा करार करताना, तो कुणाशीही करा, पहिल्या पानावर हे लिहा की शेवटची टीम खाली जाईल आणि खालची वर येईल, आणि कुणाच्याही पैशासाठी हे थांबणार नाही. क्लबची जागा एका गावातून उचलून दुसऱ्या गावात नेता येणार नाही, मालक बदलला तरी गाव बदलणार नाही. आणि राज्यांच्या लीगना खरंच पायरी करा. महाराष्ट्रात कोल्हापूर, पुणे, मुंबई, नागपूरचे विजेते एकमेकांशी घरच्या आणि बाहेरच्या मॅच खेळू देत, त्यातला एक देशाच्या खालच्या डिव्हिजनला जाऊ दे. धेंपो दहा वर्षं बाहेर राहिली नाही, खालच्या लीगमधून खेळून २०२४ ला आय-लीगमध्ये परत आली, कारण ती कुणाच्या तरी घरची होती, तिला परत आणायला माणसं होती. लायसन्सचे नियम पाहिजेतच, पगार थकवणाऱ्या क्लबला तर पहिल्याच महिन्यात पॉइंट कापा, पण पाटाकडील किंवा दिलबहारला वर यायचं असेल तर त्यांना आधी रस्ता दाखवा मग कागद मागा. आमच्या तालमींना पण सांगणं आहे, स्टँडमधली मारामारी बंद करा, हिशोब लिहायला लागा, ज्युनिअर टीम नीट चालवा, नाहीतर उद्या दार उघडलं आणि आपण लायकच नाही ठरलो तर कुणाला बोलणार.

लोक म्हणतात या सीझनचं वेळापत्रक घाईत केलंय, एकमेकांशी एकेकच मॅच, टीम अर्ध्या तयारीच्या. असू दे. मी बघणार आहे. पुतण्याला १४ फेब्रुवारीला सुट्टी टाकायला सांगितली आहे, तो पुण्याला येतोय, मुलगा पण घरी आहे, तिघं मिळून पहिली मॅच बघू.

तुम्ही फक्त एवढं करा. १५ तारखेच्या अंकात स्कोअर आणि गोल मारणाऱ्यांची नावं छापा, आणि दर सोमवारी पॉइंट टेबल, चौदाच्या चौदा टीमचं, शेवटच्या नंबरपर्यंत. मी वही काढून ठेवली आहे.

आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर. सध्या मुक्काम पिंपरी.